मेजाचा बिल्ला

ज्या बाईच्या हातची भाकर देवाच्या मेजावर चालते, ती बाई त्या मेजाजवळ का चालत नाही?

उत्तर लगेच देऊ नका. मलाही बरेच दिवस देता आलं नव्हतं, आणि उत्तरं देणं हे तर माझं कामच आहे. मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. गावातले मला ‘पास्टर’ म्हणतात, शाळेतले गुरुजी ‘फादर’ म्हणतात, आणि बसस्टँडवरचा चहावाला ‘बायबलवाले भाऊ’ म्हणतो. एकदा शेजारची म्हैस आटली, तेव्हा घरधनीण मला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेली. म्हणाली, “सगळे देव झाले पास्टर, आता तुमचा पाहू.” मी प्रार्थना केली. म्हैस काही दुभली नाही, पण त्या दिवसापासून ती बाई मला रस्त्यात थांबवून ख्यालीखुशाली विचारू लागली. पाळकाच्या कामात बहुतेक वेळा एवढंच पदरी पडतं, आणि ते कमी नसतं.

माझे वडील बाजाराच्या दिवशी मेहकरला हस्तपत्रिका वाटत उभे राहायचे. छापताना बिघडलेले कागद आमच्या घरी यायचे. डब्यांखाली, फळीवर, खिडकीच्या फटीत, सगळीकडे पत्रकं. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. त्यामुळे जगातला कोणताही अन्याय चार पानांत नीट मांडला की संपतो, अशी माझी समजूत झाली. पाळक होऊन बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत आलो तेव्हा माझ्या डोक्यात वीसेक पत्रकं तयार होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लोक अजून तिथेच राहतात, आणि मलाही तिथेच राहायचं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, पाळक म्हणजे रविवारी तासभर बोलणारा माणूस. तो तास सर्वांत सोपा. बाकीचा आठवडा दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी बसण्यात जातो, सोयरीक जुळताना मध्ये बसण्यात जातो, आणि मोडताना तर नक्कीच. त्यातही आमची मंडळी प्रेस्बिटेरियन पद्धतीची. साध्या भाषेत सांगायचं तर वडिलांची, म्हणजे निवडून दिलेल्या ज्येष्ठांची, मंडळी. आमच्यात बिशप नाही. सभासद आपल्यातून काही वडील निवडतात आणि मंडळीचा कारभार ते चालवतात. बैठकीत पाळक अध्यक्ष असतो, पण मत वडिलांचं. मला ही पद्धत आवडते. कोणीही एक माणूस देवाचा मुखत्यार होऊ नये, हे माझ्या बंडखोर डोक्याला पटतं. फक्त अडचण अशी की त्यात ‘कोणीही एक माणूस’ मीही येतो.

आता बिल्ल्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण म्हणून आम्ही भाकर मोडून खातो आणि एका प्याल्यातून पितो. याला प्रभुभोजन म्हणतात, आणि गावच्या बोलीत ‘मेज’. आमच्याकडे ते वर्षातून मोजक्या वेळाच होतं. परदेशी मिशनऱ्यांनी फार पूर्वी एक चाल लावून दिली होती. बाकी ठिकाणी ती केव्हाच विसरली गेली, आमच्या मंडळीत टिकली. मेजाच्या आधीच्या आठवड्यात वडील घरोघर जातात आणि प्रत्येक सभासदाला एकच प्रश्न विचारतात: “कोणासोबत मनात काही अढी?” ‘नाही’ म्हटलं की हातावर जस्ताचा एक चपटा बिल्ला ठेवतात. रविवारी तो बिल्ला थाळीत टाकायचा आणि मेजाजवळ बसायचं. ‘आहे’ म्हटलं तर बिल्ला नाही. आधी मिटवा, मग या. आणि ज्याच्याशी अढी आहे, त्याचाही बिल्ला तोवर थांबतो. भांडण एका हाताचं नसतं, असा त्यामागचा विचार.

ही चाल मला आधी जुनाट वाटली होती. देवाच्या घरी तिकीट कशाला? पण पहिल्याच बिल्ल्याच्या आठवड्यात दोन जावा पाहिल्या. सामाईक चिंचेच्या झाडावरून त्या वर्षभर अबोला धरून होत्या. मेजाच्या आदल्या संध्याकाळी थोरली धाकटीच्या दारात गेली आणि म्हणाली, “चिच तुही, सावली माही. झालं का? चाल, माहा बिल्ला अडकला.” दोघी हसल्या. ज्या कामाला कोर्टकचेरी पुरत नाही, ते त्या जस्ताच्या तुकड्याने केलं. तेव्हापासून मी चाल मोडायची भाषा बंद केली.

बिल्ल्यांचा डबा होता दानीएलमामांकडे. हे वडिलांमधले थोरले. एसटीत कंडक्टर होते, मेहकर डेपोतून निवृत्त झाले. अंगात खाकी नव्हती एवढंच, बाकी कंडक्टर तसाच होता. गीत चालू असताना कोणी उशिरा आलं की ते हाताने खूण करायचे: पुढे सरका, दार मोकळं ठेवा. बिल्ले देतानाही तोच रुबाब. मी एकदा चिडवलं, “मामा, स्वर्गाच्या गाडीचेही कंडक्टर तुम्हीच का?”

“नाही बा,” ते म्हणाले. “थ्या गाडीले कंडक्टर नाही. म्हणून तं इथंच तपासून घेऊन राह्यलो.”

आणि सगुणाबाई. दानीएलमामांच्या धाकट्या भावाची विधवा. मेजाची भाकर तिच्या हातची. आमच्याकडे पाव नाही, ज्वारीची बिनमिठाची भाकर असते. आधी तिची सासू करायची, मग ती करू लागली. त्या दिवशी चूल सारवून, डोक्यावरून न्हाऊन ती भाकरी थापायची. काठाला एक चीर जायची नाही. पांढऱ्या फडक्याखाली दुरडी घेऊन मागच्या दाराने यायची आणि दुरडी माझ्या हातात द्यायची. मग मागच्या पायरीवर बसून गीतं म्हणायची, आवाज चांगला होता. पण मेजाची वेळ झाली की उठून हातपंपाकडे जायची आणि उगाच पाय धूत राहायची.

पहिल्यांदा मला वाटलं, तिला काही काम असेल. दुसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, “मले बिल्ला नाही, पास्टर.” ‘मले चष्मा नाही’ म्हणावं, इतक्या सहज म्हणाली.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची मुलगी रिबका हिने देऊळघाटच्या सलीमशी लग्न केलं. सलीम विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. रिबका बुलढाण्याला नर्सिंग शिकत असताना ओळख झाली. दोघांनी आपापला धर्म ठेवला आणि कचेरीत जाऊन लग्न केलं. पोरगी मंडळीबाहेर गेली म्हणून आई मेजाबाहेर, एवढा साधा हिशेब. भाकरीचं काम मात्र तिच्याकडून कोणी काढून घेतलं नाही. काढलं असतं तर दुसऱ्या कोणाला करावं लागलं असतं. आणखी सांगतो. आमच्या प्याल्यात दारू नसते. काळ्या मनुका भिजवून कुस्करलेलं पाणी असतं, आणि त्या मनुका मेहकरच्या एका मुसलमान दुकानदाराकडून येतात. त्यावर कधी कोणाला हरकत सुचली नाही.

माझं रक्त तापलं. मी काय केलं असेल? पत्रक काढलं. ‘मेज कोणाचे?’ असं नाव, चार पानं, प्रत्येक पानावर उद्गारचिन्हं. उपासनेनंतर दारात उभं राहून वाटलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या पुड्यांत फुटाणे मिळू लागले. दानीएलमामांनी मात्र ते दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “भाषा मस्त जमली. पण नियम नियम असते.” सगुणाबाई म्हणाली, “माहं नाव नाही टाकलं, बरं केलं पास्टर. पण आता बाया माह्यासंग बोलतानी आवाज बारीक करतात.” हे मला आजही बोचतं. ज्या अन्यायाविरुद्ध आपण ओरडतो, तो ज्याच्यावर झालाय त्याला आधी विचारायची पत्रकवाल्यांना सवय नसते.

मग रीतसर बैठक बोलावली. मी विचारलं, सगुणाबाईचं प्रभुभोजन बंद करायचं कोणी ठरवलं? कोणत्या बैठकीत? वडील एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हणाले, “ते तुमच्या आधीचं आहे.” दुसरे म्हणाले, “मामाले माहीत.” दानीएलमामा खिडकीतून बाहेर पाहत बसले. ठराव मांडणार कोण? कोणीच नाही. बैठक चहावर संपली.

डिसेंबर आला आणि बिल्ल्याचा आठवडा लागला. पाळकालाही या चालीतून सूट नाही. त्याच्याही घरी वडील येतात आणि तोच प्रश्न विचारतात. दानीएलमामा डबा घेऊन आले, खुर्चीत बसले, घसा साफ केला.

“पास्टर, कोणासोबत मनात काही अढी?”

दरवेळी मी ‘नाही’ म्हणायचो. त्या दिवशी तोंडातून निघालं, “हाव.”

ते चमकले. “कोणासोबत?”

“तुमच्यासोबत, मामा.”

मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. हा प्रसंग कधीतरी येणार हे माहीत असलेल्या माणसाचा उतरावा तसा. त्यांनी माझ्यासाठी काढलेला बिल्ला डब्यात परत टाकला. मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा काढला, तोही टाकला, आणि झाकण लावलं.

“मामा, तुम्ही कशाला...”

“नियम,” ते म्हणाले. “दोघांचाही थांबते.” आणि डबा काखेत मारून निघून गेले.

आता गंमत पाहा. मेज चालवतो पाळक, भाकरीची थाळी फिरवतो थोरला वडील. बिल्ला दोघांकडेही नाही. दुसऱ्या कोणी आमच्या जागी वाकडा मार्ग काढला असता. चहा घेतला असता, ‘चला मिटलं’ म्हटलं असतं. पण ते सुटे पैसे नसले तर घरून आणून देणारे कंडक्टर, आणि मी पत्रकांवर वाढलेला. दोघेही सारखेच हट्टी. आठवडा तसाच गेला.

रविवारी सकाळी मंडळी जमू लागली. सुलतानपूरकडचे सभासद जीप करून आले. मी मागच्या अंगणात लिंबाखाली उभा होतो. दानीएलमामा आले आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागले.

“बैठकीत तुम्ही विचारलं, कोणी ठरवलं. कोणीच नाही ठरवलं. मी तिच्या दारी गेलोच नाही.”

“म्हणजे?”

“रिबकाच्या लग्नाच्या टायमाले मी सगुणाले बोललो, पोरगी मेली समज अन् आंघोळ कर. तिच्या तोंडावर बोललो. मंग बिल्ल्याचा हप्ता आला. तिच्या दारी जाऊन काय विचारू? मनात काही अढी? थे म्हणे हाव, तुमच्यासोबत. मंग माहा बिल्ला गेला. मोठा वडील मी. म्हणून थे घर सोडून पुढच्या घरी गेलो. पुढच्या मेजाले पुन्हा सोडलं. लोकायले वाटलं तिले बंद केलं. मी म्हटलं, वाटू द्या.”

 माझ्या चार पानांत जात होती, धर्म होता, परंपरा होती, शोषण होतं. आपला बिल्ला वाचवण्यासाठी एक दार चुकवणारा माणूस त्यात कुठेच नव्हता.

तेवढ्यात सगुणाबाई दुरडी घेऊन आली. भासऱ्याला पाहून तिने पदर पुढे ओढला. आमच्या भागात लहान भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. बाप्तिस्मा होऊन पिढ्या गेल्या तरी हा पदर तसाच आहे. काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं.

दानीएलमामांनी डोक्यावरची टोपी काढली. “सगुणा,” ते म्हणाले, आणि थांबले. मग बिल्ल्याच्या भेटीला बोलायचा तोच ठरलेला सूर लावायचा प्रयत्न केला, पण तो लागेना. “कोणासोबत... मनात काही अढी?”

ती माझ्याकडे वळली. “पास्टर, त्यायले सांगा...” आणि तीही थांबली. दुरडी माझ्या हातात दिली. पदर मागे सारला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“हाव. तुमच्यासोबत.”

“सांग.”

“तुम्ही माह्या जित्या पोरीची आंघोळ करायले लावली मले. मी केली नाही, पण तुम्ही लावली. हर मेजाले तुम्ही माही भाकर खाल्ली. मेलेल्या पोरीच्या मायची भाकर चालली कशी तुमाले?”

 “माफ कर,” दानीएलमामा म्हणाले, पण ती मान हलवत राहिली.

“मले नका म्हणू. पोरीच्या दारी जा. थिले म्हणा. मंग पाहू.”

म्हणजे त्या रविवारी मेज होणार नव्हतं. आजवर असं कधी झालं नव्हतं. दानीएलमामा पुढे गेले आणि मंडळीसमोर उभे राहून म्हणाले, “आज मेज नाही. माह्यामुळं नाही.” मग का नाही, तेही सांगितलं. कंडक्टरच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. सुलतानपूरचे एक आजोबा कुरकुरले, “इतक्या दुरून आलो बा!” कोणीतरी म्हणालं, “गाडी रद्द झाली, आजा. पुढच्या गाडीनं या.” लोक हसले आणि ताण सैल झाला.

पण भाकरींचं काय? सगुणाबाई म्हणाली, “मी माघारी नेत नाही.” मी पेचात पडलो. मग लक्षात आलं की अजून प्रार्थना झालेली नाही. ही नुसती भाकर आहे, आणि नुसत्या भाकरीला बिल्ला लागत नाही. समोरच्या घरातून ठेचा आला, कोणाच्या डब्यातून वांग्याची भाजी निघाली. लिंबाखाली सगळे बसले, आणि भाकर केलेली बाई त्यांच्यात बसून जेवली. माझ्या पेशात मी बरीच मेजं चालवली. त्यातलं एक निवडायचं झालं तर न झालेलं हे मेज निवडीन.

दोनच दिवसांनी दानीएलमामा मला घेऊन एसटीने निघाले. बुलढाण्याला उतरून देऊळघाटची गाडी धरली. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडणारा माणूस खिडकीशी अवघडून बसला होता. मध्येच म्हणाला, “पास्टर, अजून अढी हाय का?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे कितीक?”

“देऊळघाटाहून परतताना सांगतो.”

सलीम दुकानात मोटारीचं वाइंडिंग करत होता. त्याने दानीएलमामांना ओळखलं. हात पुसले. “आओ मामा. बिनातिकीट आले का?”

“हाव,” दानीएलमामा म्हणाले. “बिनातिकीटच आलो. बसू देतं का?”

“बसा न. चाय तर घ्याल ना आमच्या घरची?”

रिबका आतून आली. तिने चहा ठेवला नाही, आधी नुसती उभी राहिली. दानीएलमामांनी बसमध्ये बरंच काही जुळवून ठेवलं असावं. ते सगळं विसरून म्हणाले, “पोरी, इतकी वर्सं नोकरी केली. भरल्या गाडीतही हात दाखवणाऱ्याले रस्त्यावर सोडलं नाही. तुले मात्र उतरवलं.”

ती म्हणाली, “मोठेबाबा, मी उतरले नव्हते. तुम्हीच घंटी मारली.” मग ती चहा करायला आत गेली. दानीएलमामा बशीत ओतून तो चहा प्यायले. तळाशी राहिलेला घोटसुद्धा सोडला नाही. परतताना त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. माझी अढी देऊळघाटलाच राहिली होती.

नाताळच्या आधीच्या रविवारी मेज झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात दानीएलमामांनी पहिला बिल्ला सगुणाबाईच्या दारी नेला. तिने विचार करून ‘नाही’ म्हटलं. मग तिने त्यांनाच विचारलं, “अन् तुमच्या मनात?” हे याआधी कोणी केलं नव्हतं. मेजाच्या दिवशी रिबका आणि सलीम आले आणि मागच्या बाकावर बसले. सलीम मेजाजवळ आला नाही, कोणी बोलावलंही नाही. त्याचा विश्वास त्याचा. सगुणाबाईने बिल्ला थाळीत टाकला तेव्हा टणकन आवाज झाला. जरा जोरातच टाकला असावा. मी भाकर मोडली आणि तिचीच भाकर पहिल्यांदा तिच्या हातावर ठेवली. तिने चावून पाहिली आणि मला ऐकू येईल इतपत पुटपुटली, “मीठ पाहिजे होतं.”

पुढच्या बैठकीत एक ठराव झाला. तो मी नाही, दानीएलमामांनी मांडला. बिल्ल्याची फेरी ज्या दारी जायला पाय कचरतात, त्या दारापासून सुरू करायची. आणि विचारणाऱ्याला तोच प्रश्न उलट विचारायचा. धर्मसुधारणा म्हणून मी ज्याची स्वप्नं पाहिली होती, त्यापुढे हे अगदी लहान आहे. सगुणाबाईची हातपंपाशी गेलेली वर्षं त्याने परत येत नाहीत. पण आमच्या मंडळीत आता एकही दार चुकत नाही, याचा मला अभिमान आहे.

तुमच्याकडे बिल्ला नाही. दिवाळीचं ताट आहे. फराळ करून झाला की ती ताटं फडक्याखाली घरोघर जातील. एका घरी जाणार नाहीत. कोणतं घर ते तुम्हाला हे वाचतानाच आठवलं असेल. यंदा पहिलं ताट तिकडे न्या. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. दारात उभे राहून विचारा, “माझ्याबद्दल मनात काही अढी?” उत्तर ‘हाव’ आलं तर ताट ठेवून परत फिरू नका. खाली बसा, आणि पुढचं ऐकून घ्या.